रजेवर गेलेल्या माणसाला फोन करावा लागू नये म्हणून काय करायचं

आमचं पुण्यात जीएसटी आणि अकाउंट्सचं छोटं ऑफिस आहे, सात जण. 2023 ला गणेश चतुर्थी आली 19 सप्टेंबरला आणि 20 तारखेला 3बी, म्हणजे जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, त्यात आमचा सिनियर अकाउंटंट गुहागरकडे गावी गेलेला. रजा मीच मंजूर केली होती आणि 20 ला सकाळपासून त्याला नऊ फोनही मीच केले, कारण तीन क्लायंटचे ओटीपी त्याच्या मोबाईलवर जात होते. घरात रेंज नाही, म्हणून तो आरती सोडून बाहेर यायचा, गडग्यावर चढायचा आणि एकेक आकडा ओरडून सांगायचा, मागे झांजांचा आवाज. तो काहीच बोलला नाही पण त्याच्या आईचं ऐकू आलं, "अरे निदान नैवेद्य तरी दाखवू दे त्याला." आजही आठवलं की वाईट वाटतं.

नंतर हिशोब केला. उशीर झाला असता तर लेट फी दिवसाला 50 रुपये, तिघांचे मिळून 150, वर थकलेल्या टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज. ऑफिसने खिशातून भरलं असतं तरी चाललं असतं हो. म्हणून आता पहिला नियम हाच, फोन उचलायच्या आधी कागदावर लिहायचं की तो परत येईपर्यंत थांबलो तर नेमके किती रुपये जातील. बहुतेक वेळा आकडा बघूनच फोन खाली ठेवला जातो.

दुसरं, ओटीपी आणि पासवर्ड. हे आजच करा, रजेची वाट बघू नका. जीएसटी पोर्टलवर स्टाफचा नंबर ठेवूच नये, क्लायंटचा स्वतःचा नंबर हवा, नॉन-कोअर अमेंडमेंट (नोंदणीतल्या किरकोळ बदलाचा अर्ज) टाकून बदलता येतो. बँकेचं, मेलचं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं पण तेच, एकाच माणसाच्या खिशात चाव्या असल्या की तो कुठेही गेला तरी ऑफिसमध्येच असतो.

रजा वेळेत मंजूर करा. रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होते, आणि गणपतीच्या कोकणच्या गाड्या लगेच भरतात, म्हणजे "बघू, नंतर सांगतो" म्हटलं की त्या माणसाचं तिकीट गेलंच. आमच्याकडे गणपती-दिवाळीच्या रजा जूनमध्येच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या जातात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आणि कामाच्या 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा आहे, आमच्याएवढ्या छोट्या ऑफिसला तो सगळा लागू होत नाही पण मी तोच हिशोब धरतो, लोकांच्या हक्काचं आहे ते.

मग हँडओव्हर. नुसती लिस्ट देऊन भागत नाही. जायच्या दोन दिवस आधी ज्याच्याकडे काम जाणार आहे त्याने ते एकदा स्वतःच्या हाताने करायचं आणि जाणाऱ्याने शेजारी बसून फक्त बघायचं, जिथे अडेल तेवढंच लिहून ठेवायचं. क्लायंटलाही आधीच सांगा की या तारखांना अमुकशी बोला, नाहीतर ते थेट त्यालाच लावतात. आणि शेवटच्या दिवशी नवीन काम अजिबात देऊ नका.

व्हॉट्सॲपवर "सावकाश बघ, घाई नाही" असं तर बिलकुल टाकू नका. तो मेसेज वाचला की मोदक हातात असतानाही डोक्यात ऑफिस सुरू होतं. आठवलेलं सगळं एका मेलमध्ये लिहीत जा आणि तो परत यायच्या दिवशी सकाळी 10 ला शेड्यूल करून ठेवा, जीमेलमध्ये ती सोय आहे.

जे रजेवर जाताय त्यांनाही एक विनंती, जाताना "लागलं तर फोन करा" म्हणू नका, आपण सौजन्य म्हणून म्हणतो आणि समोरचा ती परवानगी समजतो. त्यापेक्षा सरळ सांगा, "सर, 17 ते 21 मी नाहीये, सगळं मॅडमकडे दिलंय, 22 ला आल्यावर बघतो."

आणि तो 22 ला आला की दारातच फायली पुढे करू नका, पहिला अर्धा दिवस त्याला मेल वाचायला द्या, आधी प्रसाद घ्या, गावचं विचारा.