किंडलवर पुस्तक टाकताय? आधी तुमची फाईल कुठल्या फॉन्टात आहे ते बघा

"ऑनलाईन पुस्तक काढायला किती खर्च येतोय?" असं विचारणारं कोण ना कोण मला भेटतंयच. खर्च काही नाही. केडीपीचं, म्हणजे किंडलवर स्वतःचं पुस्तक टाकायच्या ॲमेझॉनच्या साईटचं अकाउंट फुकट, अपलोड फुकट, ईबुकला आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख-नंबर लागतच नाही, ॲमेझॉन आपला स्वतःचा नंबर देतंय. एवढं सगळ्यांना माहीत असतंय, यूट्यूबवर बघून आलेली असतात. खरं त्या व्हिडिओत एक गोष्ट सांगत नाहीत, कारण ते करणारे बहुतेक इंग्रजीत पुस्तकं काढतात आणि त्यांना हा त्रासच नाही. तो त्रास आपल्याला आहे, आणि माझी अख्खी दिवाळी त्याच्यात गेली म्हणून जरा सविस्तर सांगते.

बेळगावात, निपाणीत, खानापुरात तुम्ही हाताने लिहिलेली वही घेऊन डीटीपीवाल्याकडं गेलात की तो टाईप करून देतो, प्रिंट काढून दाखवतो, एकदम झकास दिसतंय. तुम्ही पैसे देता, पेन ड्राईव्ह घेऊन घरी येता. आता ती फाईल घरच्या कॉम्प्युटरवर उघडा. मराठीचा पत्ता नाही, नुसती रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मधेच डॉलर, मधेच कंस. व्हायरस आला असं वाटतंय. व्हायरस नाही, ते श्रीलिपी आहे, नाहीतर शिवाजी, नाहीतर कृतिदेव. हे जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षराला घातलेला मराठी मुखवटा. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजीच अक्षर आहे, फॉन्ट आहे तोवर ते "क" दिसतंय, फॉन्ट काढला की खरं तोंड बाहेर. किंडलवर तुमच्या डीटीपीवाल्याचा फॉन्ट नसतो. त्यामुळं वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून कचरा दिसणार.

यात डीटीपीवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही. तो पेजमेकर ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतोय, पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची, तिला मराठी युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते ती पद्धत, कळतच नाही. त्याचा धंदा लग्नपत्रिका, बॅनर आणि वाढदिवसाच्या जाहिराती, तिथं छापून नीट आलं की काम संपलं. तुम्हीच सुरुवातीला सांगायला पाहिजे की मला युनिकोडात पाहिजे, वर्डच्या फाईलमध्ये पाहिजे. "होय की" म्हणून तो श्रीलिपीतच देण्याची शक्यता आहे, म्हणून पैसे द्यायच्या आधी ती फाईल व्हॉट्सॲपवर स्वतःच्या फोनला मागवा आणि उघडा. फोनमध्ये मराठी दिसली तर ठीक. पीडीएफ मागवू नका, पीडीएफच्या पोटात फॉन्ट असतोय, ती कायम छानच दिसते. केडीपीवर मराठीसाठी पीडीएफच्या नादालाही लागू नका, वर्ड किंवा ईपब (ईबुकची फाईल) हेच द्या.

मग सगळे म्हणतात, जुन्या फॉन्टाचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत की! आहेत. फुकटचेही आहेत. टाका, बटण दाबा, मराठी येते, आनंद होतो, आणि इथंच माणूस फसतोय, कारण आलेली मराठी नव्वद टक्के बरोबर असते. उरलेली दहा टक्के पुस्तकभर विखुरलेली. जुन्या फॉन्टात रफार अक्षराच्या नंतर टाईप होतो, युनिकोडात तो "र्" अक्षराच्या आधी यायला लागतोय. कन्व्हर्टरनं ही उलटापालट केली नाही की "धर्म"चं "धमर्" होतंय आणि "वर्ष"चं "वषर्". हे निदान डोळ्याला खुपतंय. न खुपणारं आहे ते "ऱ्या". माझ्या कथेत चोर्ल्याच्या घाटातल्या दऱ्या होत्या, त्यांचा सगळीकडं दर्या झाला. घाटात समुद्र! वाऱ्याचं वार्या, पायऱ्यांचं पायर्या, आणि लग्नातल्या आचाऱ्यांना एकदम आचार्यांची पदवी.

आता कोणतरी शहाणा सांगेल, फाइंड-रिप्लेस मारा. नका मारू! सगळ्या "र्य"चं "ऱ्य" केलं की सूर्य, कार्य, धैर्य, ऐश्वर्या सगळ्यांची वाट लागते. "र्य" शोधायचं, एकेक बघायचं, एकेक बदलायचं, दुसरा रस्ता नाही. "र्ह"चंही तसंच, तऱ्हा आणि गर्हा वेगळ्या. वर्डमध्ये हे करून झालं की किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये (पुस्तक किंडलवर कसं दिसेल ते दाखवणारं ॲमेझॉनचं सॉफ्टवेअर) फोनच्या साईजला लावून परत पहिल्यापासून वाचायचं. कंटाळा येतोय, मान्य आहे. मला रडू यायचं. पतसंस्थेतनं घरी येऊन, स्वैपाक आटपून रात्री "र्य" शोधत बसायचं, यात कसलं साहित्य आलं असं वाटायचं.

याच्यापेक्षा सोपी वाट नंतर कळली ती सांगते. छापील पानांचे स्वच्छ स्कॅन गूगल ड्राईव्हवर टाकायचे आणि गूगल डॉक्समध्ये उघडायचे, ते चित्रातली अक्षरं वाचून थेट युनिकोड देतंय. चुका त्यातही असतात, खरं माझ्या पुस्तकापुरतं तरी कन्व्हर्टरपेक्षा कमी होत्या. आणि अजून लिहून व्हायचं असेल तर पहिल्यापासून फोनवरच लिहा, बोलून टाईप करा, काही करा. वहीचं प्रेम बाजूला ठेवा.

मुद्रितशोधनावर मात्र कंजूषपणा करू नका. हे माझं मत आहे आणि त्याच्यावरनं माझी भांडणं झालीत. ऑनलाईन "लेखक घडवणारे" गुरू आहेत, दोन तासांचा वेबिनार, मग कोर्स, मग पॅकेज, त्यात आयएसबीएन, कॉपीराईट, "बेस्टसेलर टॅग" असं सगळं. आयएसबीएन भारतात सरकार फुकट देतंय, राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाईन अर्ज करायचा. कॉपीराईट लिहिलं त्या क्षणी तुमचाच असतोय, नोंदणी सक्तीची नाही आणि करायचीच असेल तर सरकारी फी 500 रुपये. बेस्टसेलर टॅगवर तर मी बोलतच नाही. त्यापेक्षा तुमच्या गल्लीत एखाद्या रिटायर्ड मराठीच्या बाई नाहीतर गुरुजी असतीलच, त्यांना चार पैसे आणि मान द्या, त्या ऱ्हस्व-दीर्घ काढतातच, वर तुमची तिसरी कथा कंटाळवाणी आहे हेही तोंडावर सांगतात. असला मेंटॉर कुठल्या पॅकेजात मिळत नाही.

पैशाचं थोडक्यात. रॉयल्टी 35 टक्के नाहीतर 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 पाहिजे असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालायला लागतंय, आणि फाईलच्या साईजप्रमाणे डिलिव्हरीचे पैसेही कापतात, म्हणून आतले फोटो बारीक करून घ्या. सिलेक्ट म्हणजे 90 दिवस ते ईबुक दुसरीकडं कुठंच दिसता कामा नये. त्यात प्रतिलिपी ह्या कथांच्या ॲपवर आधी टाकलेल्या कथाही आल्या. आधी तिकडनं काढा, मग इकडं टिक करा, आणि 90 दिवसांनी ते आपोआप पुढं चालू राहतंय हेही लक्षात ठेवा. छापील पुस्तकाला ही अट नाही.

आणि नातेवाईक. "किंडल आमच्याकडं नाही, पीडीएफ पाठव की!" हे तुमची सख्खी आत्या म्हणणार. किंडलचं यंत्र लागत नाही, फोनवर ॲप चालतंय, हे दहा वेळा सांगा, तरी पीडीएफच मागणार. द्यायची नाही. सिलेक्टमध्ये असताना तर अजिबात नाही, ती पीडीएफ संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीच्या ग्रुपवर असते.

एक गंमत सांगते, किंडलवर 2016 च्या डिसेंबरात मराठी आली ती हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर. कन्नड त्या यादीत नव्हती. माझ्या ऑफिसमधल्या कन्नड कविता करणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एक तरी गोष्ट तुम्हाला जास्त मिळाली बघ." सीमाभागात असं वाक्य ऐकायला मिळत नाही, म्हणून इथं लिहिलं.

पॅन कार्ड आणि बँकेतलं नाव एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघा. आपल्याकडं शाळेचा दाखला एका स्पेलिंगचा, आधार दुसऱ्या, बँकेत वडिलांचं नाव पुढं, असली भानगड घरोघरी आहे. केडीपीच्या टॅक्स फॉर्ममध्ये पॅन नंबर नीट भरला तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 च्या जागी 15 टक्के कापतात. पैसे महिना संपल्यावर साधारण 60 दिवसांनी येतात, तोवर रोज रिपोर्ट उघडून बघू नका. बघणारच म्हणा, मीही बघायची.

ईबुकवर पोट भरत नाही हे उघडच आहे, आपला वाचक अजून हातात घेऊनच पुस्तक घेतोय. केडीपीचं पेपरबॅक ॲमेझॉन इंडियावर मिळत नाही, त्यामुळं थोड्या प्रती इथंच छापायला लागतात, आणि तुमची युनिकोडची फाईल स्वच्छ झालेली असेल तर तीच इनडिझाईन ह्या नव्या सॉफ्टवेअरवर पानं लावणाऱ्याला देता येते, परत टायपिंगचे पैसे नाहीत. पुस्तकावर प्रकाशक किंवा मुद्रकाचं नाव घालायला विसरू नका, पोस्टाची ज्ञान पोस्ट ही पुस्तकं पाठवायची स्वस्त सेवा 2025 च्या मे महिन्यात सुरू झाली, तिला ते लागतंय. तिचा दर 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर टॅक्स असा ठरला होता, कोल्हापूर-पुण्याला एखादी प्रत पाठवायला कुरिअरपेक्षा परवडतंय.

खपायची जागा म्हणजे आपली बेळगावभोवतालच्या गावोगावची साहित्य संमेलनं, कडोली, येळ्ळूर, उचगाव. ती थंडीत असतात. दिवाळीनंतर प्रेसवाले कॅलेंडरं आणि लग्नपत्रिकांत बुडालेले असतात, तुमचं पुस्तक मागं पडणारच, म्हणून फाईल गणपतीच्या सुमारास प्रेसमध्ये द्या, आणि स्टॉलवर यूपीआयच्या स्कॅनरबरोबर सुट्टे पैसेही ठेवा.