पावसाळ्यात बेंच ड्रिल गंजू नये म्हणून

गोव्यात मृग लागला की घरातल्या बेंच ड्रिलचा (बाकावर बसवायच्या उभ्या ड्रिल मशीनचा) खांब आणि त्यावरचं टेबल तांबूस व्हायला लागतं. काणकोण, मुरगावसारख्या किनाऱ्याजवळ तर खारी हवा बारा महिने. खांब गंजला की टेबल वरखाली सरकताना अडतं. तेल लावून भागत नाही, त्यावर लाकडाचा भुसा चिकटून चिखल होतो. मेण लावा.

१. प्लग काढा. खांब आणि टेबल घासलेटाच्या फडक्याने पुसा. गंज असेल तिथे बारीक पॉलिश पेपर फिरवा.

२. पूर्ण सुकल्यावर बिनरंगी फ्लोअर वॅक्स पातळ चोळा. तांबड्या कोब्यासाठी मिळतं ते लाल नको, साग-फणसाच्या फळीला डाग पडतात.

३. दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने घासून चकाकी आणा. टेबल हाताला गुळगुळीत लागलं पाहिजे.

४. झाकायला जुनी सुती चादर घ्या. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज उलट लवकर चढतो.

पट्टा, पुली आणि ड्रिल बिट पकडणारा चक बसतो तो निमुळता दांडा यांना मेण किंवा तेल मुळीच लावू नका. पट्टा घसरेल, आणि चक चालू मशीनवर निखळू शकतो.