इंग्रजी शब्द कसा घडला, हे स्वतः कसं ओळखावं

स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणारी मुलं बघितली की जीव हळहळतो. मेहनत खरी असते, पण यादीतला प्रत्येक शब्द एकटा डोक्यात शिरतो आणि एकटाच निसटतो. वास्तविक कशाशीच नातं नसलेला कोरा शब्द इंग्रजीत क्वचितच जन्माला येतो. जुने तुकडे जोडायचे, कापायचे, एकमेकांत मिसळायचे, शब्दाला वेगळ्या कामाला लावायचं, नाहीतर दुसऱ्या भाषेतून शब्द उचलायचा, अशा मोजक्याच रीतींनी ही भाषा वाढत आली आहे. शाळेत आपण उपसर्ग, प्रत्यय, समास, संधी शिकलेलो असतो. त्यामुळे यातल्या बऱ्याच रीती आपल्या ओळखीच्याच निघतात.

नवा शब्द भेटला की पुढच्या क्रमाने जा. शब्दकोश हाताशी असू द्या, पण लगेच उघडू नका.

१. शब्दाचा शेवट आधी बघा

इंग्रजी शब्द नाम आहे की विशेषण, हे बहुतेक वेळा त्याचा शेवट सांगतो. शेवटी नेस, मेंट, इटी किंवा शन आलं तर नाम. एबल, फुल, लेस आलं तर विशेषण. आइझ किंवा इफाय आलं तर क्रियापद. म्हणून सोलायला सुरुवात उजवीकडून करायची.

'अनप्रेडिक्टेबिलिटी' हा लांबलचक शब्द घ्या. शेवटचं इटी काढलं की उरतं अनप्रेडिक्टेबल (इटी लागताना एबलचं एबिल झालं होतं). अन काढलं की प्रेडिक्टेबल. एबल काढलं की प्रेडिक्ट, म्हणजे भाकीत करणे. आता हा प्रेडिक्टही फोडा: प्री म्हणजे आधी आणि डिक्ट हा बोलणे या अर्थाच्या लॅटिन धातूचा तुकडा. आधी बोलून ठेवणं, म्हणजेच भाकीत. इथवर आलात की डिक्टेशन, डिक्शनरी, काँट्राडिक्ट (विरुद्ध बोलणे), व्हर्डिक्ट (मुळात 'खरं बोलणं', त्यावरून निवाडा) हे सगळे एका घरातले निघतात. पाठ करायला एक शब्द घेतला होता, हाती पाच-सहा आले.

एक कसोटी मात्र प्रत्येक वेळी लावा: तुकडा काढल्यावर जे उरतं त्याला अर्थ आहे का, आणि त्या अर्थाचा मूळ शब्दाशी संबंध आहे का? 'अंकल'मधला अन काढला तर काहीच अर्थाचं उरत नाही. म्हणजे तो उपसर्ग नव्हताच.

तुकडे कोणत्या क्रमाने जोडले गेले, यालाही महत्त्व आहे. 'अनलॉकेबल' दोन प्रकारे फुटतो. लॉकेबलला अन लावला तर 'कुलूप लावता न येणारं', आणि अनलॉकला एबल लावला तर 'कुलूप उघडता येण्याजोगं'. तुकडे तेच, अर्थ जवळजवळ उलटे. असा शब्द वाक्यात आला की आजूबाजूचा मजकूर बघूनच ठरवावं लागतं.

नकार दाखवणाऱ्या उपसर्गांचा गोंधळ तर आपल्याला व्हायचं कारणच नाही. लॅटिन घराण्यातल्या शब्दांना 'इन' लागतो, पण पुढे ल आला की त्याचा इल होतो (इल्लीगल), र आला की इर (इर्रेग्युलर), प-ब-म आले की इम (इम्पॉसिबल). उत् आणि लास मिळून उल्लास होतो, ती हीच व्यंजनसंधी. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एल आणि दोन आर का येतात, हे घोकत बसावं लागत नाही.

२. दोन पूर्ण शब्द जोडलेत का ते बघा

जोडशब्दात मुख्य पद बहुधा शेवटी असतं, आपल्या तत्पुरुष समासासारखं. हाउसबोट ही बोट असते, बोटहाउस ही होड्या ठेवायची इमारत. 'रेडहेड' मात्र लाल डोकं नव्हे, लालसर केसांची व्यक्ती. नीलकंठ म्हणजे निळा कंठ नसून तो ज्याचा आहे तो शंकर, त्यातलाच हा बहुव्रीही.

बोलताना खूण आघाताची. ब्लॅकबोर्ड हा फळा असेल तर जोर पहिल्या शब्दावर पडतो. कुठलीही काळी फळी म्हणायची असेल तर जोर दुसऱ्या शब्दाकडे सरकतो.

जोडलेल्या तुकड्यांची जुनी कामंही शोधत जा. ब्रॉडकास्ट हा शब्द रेडिओच्या फार आधीचा, शेतीतला: बी मुठीने फोकून पेरणं. रेडिओ आला तेव्हा आवाज चहूकडे फेकण्यासाठी तोच वापरात आला. पुढे २००४ च्या सुमाराला त्यातला कास्ट कापून आयपॉडमधल्या पॉडला जोडला गेला आणि पॉडकास्ट तयार झाला. मोबाइलवर कानात ऐकू येणाऱ्या कार्यक्रमाच्या नावात पेरणीचा हात आहे, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

३. तुकडा अर्धवट वाटला तर कापणी आणि मिसळण तपासा

एक्झामिनेशनचा एक्झाम, लॅबोरेटरीचा लॅब, इन्फ्लुएन्झाचा फ्लू, ॲप्लिकेशनचा ॲप. ही कापणी. फ्लूमध्ये तर मधलाच तुकडा शिल्लक राहिलाय. 'बस' हा ऑम्निबसचा शेवट आहे. ऑम्निबस म्हणजे लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी', आणि आपण रोज जिच्यातून जातो ती बस म्हणजे त्यातला नुसता विभक्तीप्रत्यय.

मिसळणीत दोन शब्द एकमेकांत घुसतात: ब्रेकफास्ट आणि लंचचा ब्रंच, स्मोक आणि फॉगचा स्मॉग, मोटर आणि हॉटेलचं मोटेल. जागतिक आरोग्य संघटनेने ११ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर केलेलं कोविड-१९ हे नावही तुकड्यांचंच आहे: कोरोनाचा को, व्हायरसचा व्हि, डिसीजचा ड आणि २०१९ मधले १९.

कधीकधी असा कापलेला तुकडा स्वतःच प्रत्यय बनतो. हॅम्बर्गर हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून आलं, पण लोकांनी त्यातून बर्गर वेगळा काढला आणि चीजबर्गर तयार झाला. वॉटरगेट ही वॉशिंग्टनमधली इमारतींची वसाहत. १९७२ च्या प्रकरणानंतर त्यातलं 'गेट' कुठल्याही घोटाळ्याला चिकटू लागलं. आपल्याकडे कोळसा खाणवाटपाच्या प्रकरणाला वर्तमानपत्रांनी कोलगेट म्हटलं, ते यातूनच. एखादा तुकडा अशा तीन-चार शब्दांत दिसला की तो वहीत वेगळा लिहून ठेवा.

४. रूप तेच, पण काम बदललंय का?

गूगल हे कंपनीचं नाव. २००६ मध्ये ते 'शोधणे' या अर्थाचं क्रियापद म्हणून मोठ्या शब्दकोशांत दाखल झालं. एकही अक्षर बदललं नाही. बॉटल, टेक्स्ट, होस्ट यांचंही तसंच. रेकॉर्ड, परमिट यांसारख्या शब्दांत नामाचा जोर सुरुवातीला आणि क्रियापदाचा शेवटी, एवढाच काय तो फरक.

उलटी वाटही असते. आपल्याला वाटतं एडिटपासून एडिटर झाला. प्रत्यक्षात एडिटर सतराव्या शतकातला आणि एडिट त्याच्यानंतरचा, अठराव्या शतकाच्या अखेरीचा. शेवटचा अर प्रत्यय समजून लोकांनी तो काढून टाकला. टेलिव्हिजनवरून टेलिव्हाइझ झालं तेही असंच. हे नुसतं बघून कळत नाही, शब्दकोशातली सालं पडताळावी लागतात.

५. फुटतच नसेल तर माणूस, गाव किंवा परकी भाषा शोधा

बॉयकॉट कितीही सोलला तरी हाती काही लागत नाही, कारण ते आडनाव आहे. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले: शेतावर मजूर जाईनात, दुकानदार माल देईनात. त्याच वर्षी वर्तमानपत्रांत त्याचं आडनाव क्रियापदासारखं वापरलं जाऊ लागलं.

आपल्या नाशिकजवळच्या देवळालीची गोष्ट याहून जवळची. तिथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन् महिने पडून राहत. काम नाही, उकाडा, आजारपण. त्यातून डोकं फिरलेल्या माणसाला शिपायांच्या बोलीत 'डूलाली टॅप' झाला म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. टॅप पुढे गळून गेला. डूलाली हा 'भ्रमिष्ट' या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये आजही बोलला जातो.

मंगूसही आपल्याकडचाच, मराठी मुंगूस. इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग गूज म्हणजे हंस या शब्दासारखं केलं, पण दोघांचा काही संबंध नाही. म्हणून गूजचं अनेकवचन गीझ झालं तरी मंगूसचं मंगूसेसच होतं.

भारतात बनलेल्या इंग्रजी शब्दांनाही कमी लेखू नका. पोस्टपोनच्या धर्तीवर आपण प्रीपोन म्हणतो, त्यावर नाक मुरडणारे खूप भेटतात. पण नियमाने बघा: पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी, पोन म्हणजे ठेवणे. बांधणी चोख आहे, आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने हा शब्द घेतलाही आहे.

६. आद्याक्षरांची गोष्ट कुणी सांगितली तर थांबा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. काही शब्द खरोखर आद्याक्षरांचे असतात. अमेरिकी नौदलाने १९४० मध्ये 'रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग' आखडून रडार केलं. लेसर, स्कूबा हेही तसेच. पण व्हॉट्सॲपवर फिरणारा 'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ' हा संदेश साफ खोटा आहे. न्यूज म्हणजे 'न्यू' या विशेषणाचं जुन्या फ्रेंचच्या धर्तीवर केलेलं अनेकवचन, 'नव्या गोष्टी'. फ्रेंचमध्ये बातम्यांना आजही नव्या या अर्थाचाच शब्द आहे, आणि तिथे चार दिशांची अक्षरं जुळत नाहीत.

'पॉश'चीही अशीच कथा. मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, सावलीतली खोली घेत. 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं तिकिटावर छापत, असं सांगतात. अशी छाप असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

ओळखायचा नियम सोपा आहे. आद्याक्षरं जोडून बोलता येणारा शब्द बनवायची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकात रुळली. शब्द त्याहून जुना असेल तर ती गोष्ट बहुधा मागाहून रचलेली. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, अशा गोष्टी वर्गात सांगण्याआधी एकदा पडताळून बघा. मुलं त्या जन्मभर विसरत नाहीत.

७. आता शब्दकोश उघडा

अर्थाच्या खाली किंवा शेवटी व्युत्पत्तीची ओळ असते, ती वाचा. मेरियम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते, आणि निव्वळ व्युत्पत्तीला वाहिलेला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा कोशही खुला आहे. तिथलं साल म्हणजे शब्दाच्या पहिल्या सापडलेल्या लेखी नोंदीचं साल. बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. 'ओरिजिन अननोन' दिसलं तर तेच उत्तर मानून पुढे चला, रिकामी जागा ऐकीव गोष्टीने भरू नका.

वहीत शब्द अकारविल्हे लिहू नका. एका पानावर डिक्टचं घराणं, दुसऱ्यावर पोर्ट म्हणजे वाहून नेणे याचं: इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल, रिपोर्ट. सरावासाठी हे तीन शब्द घ्या. वर्कहॉलिकमधला हॉलिक कुठल्या शब्दातून आणि कुठे कापून घेतलाय? इम्मॅच्युअरमध्ये दोन एम का? आणि बेबीसिट आधीचा की बेबीसिटर? शेवटच्याचं उत्तर शब्दकोशातल्या सालांवरूनच काढा.