कापडाची ऊब मोजताय? या चुका टाळा

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सोलापुरात जरा थंडी पडते आणि कोणत्या तरी शाळेत 'कोणतं कापड जास्त ऊब धरतं' हा प्रयोग मांडला जातो. यंदा पाळी आमच्या घराची. स्टीलचे पाच पेले घेतले. एकाला सोलापुरी चादर गुंडाळली, बाकीच्यांना टर्किश टॉवेल, घोंगडी आणि नायलॉनची जुनी साडी. पाचवा तुलनेसाठी उघडा. अर्ध्या तासाने बघतो तर पाचही जवळपास सारखेच गार!

चूक कापडाची नव्हतीच. पेल्यांवर झाकणं नव्हती. गरम पाण्याची ऊब सर्वात जास्त पळते ती वाफेवाटे. २०० मिली पाण्यातलं जेमतेम १ ग्रॅम वाफ होऊन गेलं, तरी उरलेलं पाणी अडीच-तीन अंशांनी उतरतं. मग बाजूला घोंगडी असो की साडी, काय फरक पडणार? पुठ्ठ्याचं झाकण करा, थर्मामीटरपुरतं भोक ठेवा. पेले थेट शहाबादी फरशीवरही नकोत, तळातून ऊब जाते. खाली थर्माकोल घाला. पंखा बंद. आणि तापाचा थर्मामीटर कृपा करून वापरू नका. तो ४२ अंशांपर्यंतच असतो, गरम पाण्यात फुटेल.

दुसऱ्या खेपेला टॉवेल हरला. कारण मुलीने तो सुतळीने करकचून आवळला होता. कापडात अडकलेली हवाच खरं तर ऊब राखते. टॉवेलचे फासे आणि लोकरीचे कुरळे धागे हवा धरून ठेवतात; दाबले की ती निघून जाते. अर्धवट वाळलेला टॉवेल तर घेऊच नका. हवेच्या जागी पाणी बसलं की उष्णता वीसपटीहून जास्त वेगाने वाहते. नवी घोंगडी चिंचोक्याच्या खळीने ताठ असते, पेल्याला नीट बसत नाही, वरखाली फटी राहतात. जुनी, मऊ झालेली घ्या.

साडीचे चार पदर आणि चादरीचा एक, ही तुलनाही खोटी. एकतर सगळ्यांची जाडी सारखी ठेवा, नाहीतर 'प्रत्येकी एक पदर' असं तक्त्यावर स्पष्ट लिहा. सुरुवातीचं तापमानही एकच हवं, कारण पाणी जितकं जास्त गरम, तितकं ते भरभर उतरतं.

'लोकर गरम असते' असा निष्कर्ष मात्र लिहू नका. परीक्षकांनी विचारलंच, तर एक बर्फाचा खडा घोंगडीत गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. घोंगडीतला उशिरा वितळेल.