ट्रेकसाठी स्टोव्ह आणि इंधन निवडताना या चुका टाळा

पुण्यातून राजगड, तोरणा किंवा हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशा स्टोव्हच्या बाबतीतल्या त्याच त्या चुका दर हिवाळ्यात नव्याने पाहाव्या लागतात. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच आहे: लोक आधी स्टोव्ह विकत घेतात आणि इंधनाचा विचार नंतर करतात. कोठे जायचे, तेथवर कोणत्या वाहनाने पोहोचायचे, रात्री थंडी किती असेल आणि किती माणसांसाठी काय शिजवायचे, हे आधी ठरवावे; त्यावरून इंधन ठरते आणि इंधनावरून स्टोव्ह.

बाजारात गॅसचे कॅन मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक उंच, निमुळत्या तोंडाचा आणि स्वस्त. त्यात प्रामुख्याने ब्युटेन असते. दुसरा बसका, आट्यांचा. त्यात सहसा ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. एकाचा बर्नर दुसऱ्यावर अडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि हे गडावर पोहोचल्यावर कळले तर रात्र कोरड्या चिवड्यावर काढावी लागते. बर्नर आणि कॅन घरीच एकदा जोडावेत, सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना हे पाहावे आणि गच्चीवर चहा करून पाहावा.

उंच कॅन आडवा ठेवून वापरायचा असेल, तर त्याच्या कडेवरची खाच वरच्या बाजूला आलीच पाहिजे. ती खाली राहिली की वायूऐवजी द्रवरूप इंधन बर्नरकडे जाते आणि ज्योत एकदम भडकते.

ज्या चुकीबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते, ती वाऱ्याच्या आडोशाची. एका डिसेंबरात कोकणकड्याजवळ महाविद्यालयीन मुलांचा एक गट भात शिजवत होता. बसक्या कॅनवर थेट बसणारा बर्नर, त्यावर सगळ्यांना पुरेल असे रुंद पातेले, आणि वारा लागू नये म्हणून पातेल्याच्या काठापासून जमिनीपर्यंत चहूबाजूंनी गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. मी आडोसा काढायला सांगितले, तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, “काका, तो काढला की ज्योत विझते हो.” त्याचे म्हणणे खरे होते, पण पत्रा बाजूला करून ज्योत बंद केली, तेव्हा कॅनवर हात ठेवणे अशक्य झाले होते. कॅन गार झाल्यावर आम्ही सगळे सामान एका मोठ्या खडकाच्या आड नेले आणि भात तेथे पूर्ण केला. दुर्घटना झाली नाही, एवढेच.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. बंद कॅनमध्ये ब्युटेनचा दाब २० अंश सेल्सियसला हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट असतो. ५० अंशांना तो जवळपास पाचपट होतो, आणि प्रोपेन मिसळलेले असेल तर त्याहूनही अधिक. म्हणूनच कॅनवर ५० अंशांच्या पुढे तापवू नये असा इशारा छापलेला असतो. चहूबाजूंचा पत्रा आणि रुंद पातेले मिळून उष्णता थेट कॅनवर परतवतात. व्यवस्थित चालणारा कॅन आतल्या द्रवाचे वायूत रूपांतर होत असल्यामुळे उलट गारच पडत जातो. स्वयंपाक चालू असताना मी अधूनमधून कॅनला हात लावून पाहतो. तो कोमट लागला तरी ज्योत बंद करतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या दिशेला, एकाच बाजूने आणि कॅनपासून अंतर राखून करावा. मोठ्या गटासाठी कॅन आणि बर्नर नळीने जोडलेला, जमिनीवर बसणारा स्टोव्ह घ्यावा. त्याला चार पैसे जास्त पडतात; पण आठ जणांचा ट्रेक आखणाऱ्यांनी तेथे काटकसर करू नये.

वारा अडवायला तंबूत स्टोव्ह पेटवणे हा त्याहून वाईट उपाय आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि थंडीत तंबूच्या चेन बंद करून चहा करणाऱ्याला तो चढत असल्याची जाणीवही होत नाही. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, मग बाहेर पाऊस असो वा बर्फ.

रिकामा कॅन घरगुती सिलिंडरमधून भरून घेणे हा पैसे वाचवण्याचा मार्ग नाही. घरगुती गॅसमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेनही असते आणि त्याचा दाब ब्युटेनपेक्षा जास्त असतो. तो पातळ पत्र्याचा कॅन त्यासाठी बनवलेला नसतो, आणि भरणाऱ्याने वर मोकळी जागा ठेवली की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. असे भरलेले कॅन स्वस्तात मिळाले म्हणून आनंदाने आणणाऱ्यांसोबत मी मुक्काम करत नाही.

थंडीचा हिशेबही असाच चुकतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, आयसोब्युटेन उणे ११.७ अंशांना आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. त्यामुळे सह्याद्रीत साधा ब्युटेन बहुतेक वेळा चालतो, जानेवारीच्या पहाटे रडत चालतो आणि हिमालयातल्या बर्फात चालतच नाही. कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. सकाळी ज्योत मंदावली तर तो ताटलीतल्या कोमट पाण्यात उभा करावा. गरम पाण्यात कधीही नाही.

हिमालयात जाणाऱ्यांची आणखी एक चूक प्रवासातच होते. गॅसचा कॅन विमानात हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि सामानातही नाही. रेल्वेत काही जण तो सॅकच्या तळाशी लपवून नेतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू नेणे हा ३ वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे डब्याला आग लागून ९ प्रवासी मृत्युमुखी पडले, हे आठवले तरी पुरे. पुण्याहून स्टोव्ह रिकामा न्यावा आणि मिश्रणाचे कॅन मनाली किंवा डेहराडूनच्या दुकानात आधी चौकशी करून घ्यावेत.

रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह थंडीत भरवशाचा असतो. मात्र तो शिकायला सवड लागते, पिन आणि वॉशर जवळ ठेवावे लागतात, आणि रॉकेल मिळाले नाही म्हणून त्यात पेट्रोल ओतणे प्राणघातक आहे. स्पिरिटच्या स्टोव्हची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून विझला असे वाटून त्यात पुन्हा स्पिरिट ओतू नये.

दिवाळीनंतर गडांवरचे गवत वाळते. स्टोव्ह उघड्या कातळावरच लावावा आणि भोवतालचे गवत आधी हाताने दूर करावे.

इंधन किती न्यायचे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. वारा नसताना एक लिटर पाणी उकळायला सुमारे १५ ग्रॅम गॅस लागतो. वाऱ्यात तो सहज दुप्पट होतो. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण ३०० मीटरला एक अंश या प्रमाणात, त्यामुळे तूरडाळ वरती शिजत नाही म्हणून इंधन जाळत बसण्यापेक्षा मूगडाळ भिजवून न्यावी. प्रत्येक नव्या कॅनचे वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून ते कॅनवरच मार्करने लिहितो आणि परतल्यावर पुन्हा वजन करतो. किती गॅस उरला आणि या मंडळींना खरोखर किती लागतो, हे त्यातून कळते. रिकामे कॅन अर्थातच गडावरून खाली आणायचे.