प्रतिकारशक्ती कमी असताना फुफ्फुसातील बुरशीचा संसर्ग वेळीच कसा ओळखावा

ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉन आकाराचे असतात आणि श्वासावाटे ते आपणा सर्वांच्या फुफ्फुसांत रोज जात असतात. निरोगी शरीर त्यांचा तिथल्या तिथे बंदोबस्त करते. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्या, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाच्या फुफ्फुसांत मात्र हेच बीजाणू रुजू शकतात. ताप, कफ, सूज ही लक्षणे बऱ्याच अंशी प्रतिकारशक्तीच्या झुंजीतून उमटतात. तीच दुबळी असली की लक्षणेही दबून राहतात. म्हणून काळजी घेणाऱ्याने त्रास वाढण्याची वाट न पाहता, किरकोळ वाटणारा बदलही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावा.

सर्वप्रथम धोका किती आहे हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. रक्ततपासणीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या असतील आणि १० दिवसांहून अधिक काळ तशाच राहिल्या असतील, तर तो काळ सर्वांत जपण्याचा असतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या सीडी४ या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमागे २०० च्या खाली असल्यास, किंवा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा रोजचा डोस २० मिलिग्रॅम वा अधिक असून तो महिनाभर चालणार असल्यास, न्यूमोसिस्टिस या बुरशीपासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे औषध द्यावे का, हे आपणहून विचारावे.

घरात धूळ उडू देऊ नये. झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. बांधकाम, कुंड्यांची माती, कंपोस्ट, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून रुग्णाला दूर ठेवावे आणि धुळीच्या जागी जाणे टळत नसेल तर नीट बसणारा एन९५ मास्क वापरावा, कारण साध्या कापडी मास्कवर इतक्या बारीक कणांसाठी विसंबता येत नाही. रुग्णाला माणसांपासून तोडण्याचे मात्र कारण नाही, कारण ॲस्परजिलस सहसा एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

रोजची नोंद वहीत ठेवावी. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, झाला तर ती तातडीची बाब समजावी आणि तापमान मोजण्यापूर्वी पॅरासिटामॉल देऊ नये. न्यूमोसिस्टिसमध्ये कोरडा खोकला आणि धाप हळूहळू वाढतात. बसलेल्या माणसाचा ऑक्सिजन ठीक दिसतो, पण खोलीत थोडे चालवून पुन्हा ऑक्सिमीटर लावला की आकडा घसरलेला आढळतो. रुग्णाला झेपत असेल तरच हे करून पाहावे आणि दोन्ही आकडे लिहून ठेवावेत, डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो. दीर्घ श्वास घेताना छातीत टोचणे किंवा थुंकीत रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके चालू असूनही ताप ४–५ दिवसांत उतरत नसेल, तर बुरशीची शक्यता तपासली आहे का, हे निःसंकोच विचारावे.

सुरुवातीला छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. म्हणून शंका असल्यास सीटी स्कॅन लागतो. जोडीला रक्तातील गॅलॅक्टोमॅनन (ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेतील घटक) चाचणी, आणि अनेकदा ब्राँकोस्कोपीने, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घालून, काढलेल्या द्रवाची तपासणी करतात. ब्राँकोस्कोपीची भीती वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बुरशी नेमकी कोणती हे कळण्याला मोठे महत्त्व आहे: ॲस्परजिलसवर वापरले जाणारे व्होरिकोनाझोल हे औषध म्युकर या दुसऱ्या बुरशीवर चालत नाही, आणि म्युकर गॅलॅक्टोमॅनन चाचणीत दिसतही नाही. क्षयरोगाची लक्षणेही अशीच असल्याने नुसत्या अंदाजावर क्षयरोगाची औषधे सुरू झाली असतील, तर थुंकीच्या तपासणीचा आग्रह धरावा.

उपचार सुरू झाल्यावर चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी, कारण व्होरिकोनाझोलच्या गटातील औषधांमुळे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायकरीत्या वाढते. व्होरिकोनाझोलच्या गोळ्या जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर घ्याव्यात. नजर काही काळ धूसर होऊ शकते, उन्हाने त्वचा भाजू शकते आणि यकृताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. ॲस्परजिलसवरील उपचार किमान ६ ते १२ आठवडे चालतात. बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडू नयेत, आणि पुढे केमोथेरपी पुन्हा सुरू होणार असेल, तर हा संसर्ग पूर्वी झाला होता हे नव्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगावे, म्हणजे प्रतिबंधक औषध वेळेत सुरू करता येते.