व्हॅनेडियमचे चार रंग: प्रयोगाआधीची तयारी

अमोनियम मेटाव्हॅनेडेट 1.17 ग्रॅम आदल्या दिवशीच तोलून ठेवा. 100 मिली 0.1 मोलर द्रावणाला तेवढे पुरते. साध्या पाण्यात ते सहजी विरघळत नाही, म्हणून आधी 20 मिली 2 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ढवळा. अमोनियाचा वास येतो, खिडक्या उघड्या हव्यात. मग 1 मोलर सल्फ्युरिक आम्ल 80 मिली, न थांबता ढवळत घाला. रेंगाळलात तर विटकरी गाळ धरतो आणि तो विरघळायला वेळ खातो. संयुगे विषारी आहेत, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लागतोच.

फळ्यावर काय लिहायचे तेही आधी ठरवा. व्हॅनेडियमचे चार रंग म्हणजे त्याचे चार ऑक्सिडीकरण अंक, +5 ते +2. यातला +5 हा हिशोबाचा आकडा आहे. पाच धनभारांचा सुटा आयन द्रावणात नसतो. पिवळ्या +5 आयनाने दोन ऑक्सिजन घट्ट धरलेले असतात, निळ्या +4 ने एक, तर हिरव्या +3 आणि जांभळ्या +2 भोवती फक्त पाण्याचे रेणू. ऑक्साइडांतही हाच क्रम दिसतो: +2 चा ऑक्साइड मिठासारख्या जाळीचा आणि आम्लारिधर्मी (आम्लाशी क्रिया करणारा), +5 चा उभयधर्मी (आम्ल आणि अल्कली दोघांशी क्रिया करणारा), त्यातला एक बंध जेमतेम 1.6 अँगस्ट्रॉमचा. मुलांच्या डोक्यात हे पक्के बसले पाहिजे, नाहीतर उरतात ते नुसते रंग.

व्हॅनेडियमला इलेक्ट्रॉन देऊन +5 वरून +2 पर्यंत उतरवायला 50 मिली द्रावणाला दाणेदार जस्त 5 ग्रॅम घ्या. कथील चालणार नाही, ते +3 वरच थांबते. फ्लास्कला कापसाचा बोळा लावा आणि बर्नर बंद ठेवा, कारण हायड्रोजन सुटतो. सुरुवातीला दिसणारा हिरवा रंग फसवा: तो पिवळ्या-निळ्याचे मिश्रण. निळ्यानंतर येतो तो खरा +3. जांभळा यायला वेळ लागतो, म्हणून एक फ्लास्क तासाआधीच सुरू करा.

उलट प्रवासासाठी, म्हणजे +2 वरून पायरीपायरीने +5 वर जायला, 0.02 मोलर पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या तोटीच्या नळीत) भरा (100 मिलीला 0.316 ग्रॅम). व्हॅनेडियमचे जांभळे (+2) द्रावण ग्लास वूलमधून (काचेच्या तंतूंच्या बोळ्यातून) गाळून 10 मिली घ्या. जस्ताचा कण राहिला तर आकडे चुकतात. त्यात 10 मिली 1 मोलर सल्फ्युरिक आम्ल टाका. दर पायरीला 10 मिली परमँगनेट लागते, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन. पहिल्या पायरीला कमी लागले तर हवेने आधीच काही +2 चे +3 केले आहे. शेवटची पायरी द्रावण थंड असताना रेंगाळते, द्रावण 60–70 अंशांपर्यंत गरम करा.

उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत जमा करा, आणि जस्ताचे बुडबुडे थांबेपर्यंत तिचे झाकण घट्ट लावू नका.